पिवळे दिवे

लेक नऊ वर्षांची असताना मी तिला लहान मुलांच्या कार रेसिंगला घातलं. अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावाहून तासभर ड्राइव्ह करून आम्ही ट्रॅकवर जायचो. सुरुवातीला मुलं आणि पालक दोघांसाठी नियमांचा क्लास होता. ती पहिल्या रांगेत बसली. मी बाहेर गाडीत ऑफिसचा कॉल घेत राहिलो.

पहिल्या शर्यतीत ती तिसरी धावत होती. तिच्या पुढची गाडी कठड्याला आपटून उलटली आणि ट्रॅकभर पिवळे दिवे लागले. लेकीने वेग कमी केला. आता पुढे एकच गाडी उरली होती, तीही हळू झालेली. एका हाताने जाळी धरून, दुसऱ्याने पुढे जायची खूण करत मी मराठीत ओरडत सुटलो, "थांबू नकोस, दाब, जा पुढे!"

शेजारी उभ्या असलेल्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती ट्रॅककडे धावली. उलटलेल्या गाडीत तिचा मुलगा होता. सुदैवाने त्याला फारसं लागलं नव्हतं.

शर्यतीनंतर मी लेकीला विचारलं, "घाबरलीस का गं?"

"बाबा, यलो होता. यलोला ओव्हरटेक करायचं नसतं."

मी त्या बाईची माफी मागायला गेलो. म्हणालो, मला नियम माहीत नव्हता.

मुलाच्या पाठीवरचा हात न काढता ती म्हणाली, "पण गाडी उलटलेली दिसत होती ना?"



घरी बायकोने कसं झालं म्हणून विचारलं. लेक तिला शर्यतीचं सगळं सांगत बसली. माझ्या ओरडण्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही, आणि मीही गप्प राहिलो.