मुरमाखालची बोडी

पांढुर्ण्याला आमच्या घरामागे एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. पावसाळ्यात तिथले बेडूक असे ओरडायचे की माझ्या सासऱ्यांची झोप उडायची. एका उन्हाळ्यात गोदाम बांधायचं म्हणून त्यांनी ती मुरूम टाकून बुजवायला घेतली. मी नवीनच सून होते, तरी बोलले, "मामाजी, बेडूक खाली चिखलात जिवंत आहेत. पाण्याची वाट पाहून राहिले."

ट्रकवाल्याला हात दाखवत ते म्हणाले, "झोपून राहिले नं? झोपू दे त्याहिले."

पुढच्या वर्षी पावसानं दडी मारली. विहिरीनं तळ गाठला. तेव्हा हेच सासरे तोंड वर करून धोंडी काढायला सगळ्यांच्या पुढे! मुसळाला कडुलिंबाचा पाला आणि जिवंत बेडूक बांधून दारोदार फिरवायचा, प्रत्येक घरानं त्यावर पाणी ओतायचं, की म्हणे पाऊस येतो. पण आमच्याकडे बेडूकच उरला नव्हता. शेवटी रामाकोना गावच्या एका नातेवाइकानं ओल्या पोत्यात गुंडाळून एक पाठवला.

आमच्या दारी पोचेस्तोवर तो सुतळीत वाळला होता. मी तांब्या घेऊन पुढे झाले, तर सासरे खेकसले, "सांडू नको, थेंबभर टाक!"

थेंब पडला. बेडूक हलला नाही.

"रामाकोन्याचा मरतुकडा," ते चिडून म्हणाले. "आपल्या बोडीतले कसे खणखणीत ओरडत होते!"

"झोपून राहिले नं ते, मामाजी," मी म्हटलं. "झोपू द्या त्याहिले."