बांग दोसिकचं दार

हेसुक तेवीस वर्षं दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात, तिथल्या डोंगरउतारावरच्या वस्तीत सरकारी समाजसेविका होती. एकट्या राहणाऱ्या एकोणनव्वद माणसांची यादी तिच्याकडे. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रत्येकाला फोन करायचा, जेवलात का विचारायचं; उत्तर आलं नाही, तर पायऱ्या चढून दार वाजवायचं.

मार्चमध्ये यादीतल्या ओ आडनावाच्या आजीने फोन उचलला नाही. हेसुक दोनदा जाऊन आली. शेजारीण म्हणाली, "लेकीकडे गेली असेल, कुठं जातेय!" नवव्या दिवशी कुलूपवाल्याने दार उघडलं आणि तोंडावर हात दाबून तो जिन्यातच बसला. आत हेसुकलाच जावं लागलं.

ती कार्यालयात परतली तेव्हा यॉमसाहेब, तिचे वरिष्ठ, म्हणाले, "फार वाईट झालं. अहवाल पाचच्या आत द्या."

तिने दिला. दुसऱ्या दिवशी कामावर आली, तिसऱ्याही. फक्त तिला भात जाईना. वाटीवरचं झाकण काढलं की ती ते लगेच परत लावायची. फोनची रिंग चारपेक्षा जास्त वेळा वाजली, की तळव्यांना घाम सुटायचा.

यादीत बांग दोसिक होता. एकेकाळचा जहाजावरचा वेल्डर, आता दिवसभर दारू. मागच्या हिवाळ्यात, मदतीचा अर्ज फेटाळला म्हणून, त्याने काउंटरवरून उकळत्या चहाचा पेला तिच्यावर भिरकावला होता. मानेवर डाग राहिला. वर तिलाच त्याची माफी मागायला लावली होती. "त्याने केलेली तक्रार वर गेली तर तुम्हालाच निस्तरावं लागेल, ताई," यॉमसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले होते.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी बांगने फोन उचलला नाही. हेसुकने रिंग संपेपर्यंत ऐकली. मग उठून जाण्याऐवजी तिने नोंदवहीत लिहिलं : संपर्क झाला. प्रकृती ठीक.

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. तिला भीती वाटली ती त्या अक्षराचीच.

शनिवार गेला, रविवार गेला. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का तुला?" "दमलेय," ती म्हणाली. सोमवारी उकडायला लागलं. बंद खोलीत उकाड्याने काय होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती गेली नाही. खोटं लिहून ठेवलं होतं. आता दार उघडलं तर ते तारखेसकट उघडं पडणार होतं.

मंगळवारी सकाळी तिने फोन केलाच नाही. सरळ एकशे साठ पायऱ्या चढली. दारासमोर उभी राहिली आणि बेलकडे हात जाईना. दाराच्या फटीला नाक लावून तिने वास घेतला. काही कळेना. वास येतोय की डोक्यातच भरलाय?

दार आतून उघडलं. बनियनवर बांग, पायाला प्लास्टर.

"तू होय? मेलो का बघायला आलीस?"

हेसुक त्याच्याकडे एकटक बघत राहिली. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी क्षणभर मनात आलं : हा मेला असता तर निदान सगळं संपलं असतं.

"अशी काय बघतेस? घाबरवतेस की मला," बांग म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

ती तशीच कार्यालयात गेली आणि यॉमसाहेबांना सांगितलं, "शुक्रवारची नोंद खोटी आहे. मी मुद्दाम लिहिली. तो मरावा असं मला वाटलं."

साहेबांनी आधी काचेचं दार लावून घेतलं. "जिवंत आहे ना? मग खोटं कुठं झालं? हे बाहेर बोलू नका. पुढच्या महिन्यात आणखी बारा नावं येतायत, मला माणसं लागणार आहेत."

"मला नाही जमणार, साहेब. मला कुणाच्या दाराशी पाठवू नका. मी काय करीन, माझं मलाच सांगता येत नाही."

डॉक्टरांनी तीन महिन्यांची रजा लिहून दिली. कागद द्यायला ती आली तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हेसुकताईंची यादी कोण घेतंय?"

सात जण होते खोलीत. कुणीही मान वर केली नाही. शेवटी चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलीच्या टेबलावर यादी ठेवली गेली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि लगेच पहिल्या नावाला फोन लावला.

रिंग वाजत राहिली.