सातऱ्यावरची झडती

“हात वर करा मॅडम.”

फाटकावरची बाई मला म्हणाली. माझ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मिरचीच्या कारखान्यातून सुटलेल्या बाया झडतीसाठी रांगेत उभ्या होत्या. मी रांगेत नव्हते. माझ्या ऑफिसच्या सरांच्या मागोमाग गाडीकडे चालले होते.

मला वाटलं, तिची चूक झाली. मी म्हणाले, “मी ऑडिटवाली आहे.”

ती खाली पाहत बोलली, “शेठनं सांगतलं जी. तुमचीबी पाहाची हाय.”

शेठ पाच पावलांवर उभा होता. म्हणाला, “दुपारी बायांमध्ये बसून डबा खाल्ला ना यांनी? मग यांचीही बघून घ्या. रूल सबके लिए एक.”

सबके लिए एक. सर फाटकातून गेले, कोणी अडवलं नाही. सरांचा भाचा माझ्यासारखाच ट्रेनी. तो माझ्यापेक्षा मोठी बॅग घेऊन गेला, कोणी अडवलं नाही.

मी हात वर केले. तिने कंबर चाचपली. ओढणी झटकली. डबा उघडून आत बोट फिरवलं. बायांनी माना फिरवल्या होत्या. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडीत सर म्हणाले, “मनावर घेऊ नको. क्लायंट आहे.” मग ते फोनवर मुलीच्या लग्नाच्या हॉलचं बोलत बसले. नागपुरात सदरला ऑफिस येईपर्यंत तोच विषय.

मी गप्प बसणारी बाई नाही. उमरेडच्या आठवडी बाजारात आईच्या टोपलीमागे बसून मी भाव करायला शिकले. दहा वर्षांची असताना वजनात पाव किलो मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगावर धावून गेले होते. कॉलेजची फी मी हप्त्यात फोडून घेतली, क्लासची अर्धी करून घेतली, वापरलेली पुस्तकं आणखी भाव पाडून घेतली. घरात म्हणतात, ही पोरगी यमाशीही घासाघीस करेल. तीच मी फाटकावर हात वर करून उभी राहिले.

कारण एक सही.

लोक विचारतात, सीए का? नाही. सीएमए. कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट. माल बनवायला किती लागतं, कुठं वाया जातं, का जातं, ते शोधायचं. परीक्षा दोन्ही पास झाले. पण परीक्षेने भागत नाही. पंधरा महिने कुणाच्या हाताखाली काम केल्याचा दाखला लागतो. त्यावर साहेबाची सही लागते. सही नाही तर सभासदत्व नाही, नावापुढे अक्षरं नाहीत, काही नाही. नागपुरात अकरा ऑफिसांत अर्ज टाकले होते. आडनाव ऐकून एकाने विचारलं, “अच्छा, दीक्षाभूमीवाले का?” मी हो म्हणाले. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. या सरांनी उचलला. उपकार केल्यासारखं मला घेतलं आणि त्याची रोज आठवण करून दिली.

पंधरा महिने उलटून चार महिने झाले होते. सही विचारली की सर म्हणायचे, “एवढा रिपोर्ट होऊ दे.” तो झाला की पुढचा. मध्येच सोडलं तर एकोणीस महिने पाण्यात. बसून राहिलं तर विसावा महिना सुरू. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालंय, एवढाच दिलासा. रोज उमरेड ते नागपूर, रोज परत, बॅगेत तोच कोरा दाखला.

झडतीचं घरी सांगितलं. आई भाकर थापत होती. तिने तवा उतरवला. तिने स्वतः पंधरा वर्षं मिरचीच्या सातऱ्यावर काम केलंय. सातरा म्हणजे मोठं उघडं आवार. मिरची पसरायची, वाळवायची, बायांनी देठ खुडायचे, पोती भरायची. रोज निघताना झडती.

ती म्हणाली, “माही घेत होते तं घेत होते. मंग तुले शिकवलं काहून?”

मी बॅगेतून डबा काढून घासायला बसले.

आठ दिवसांनी पुन्हा त्याच कारखान्यात पाठवलं. दुपारी डबा घेऊन मी मुद्दाम बायांमध्येच जाऊन बसले. सुमनमावशी त्यांच्यात सगळ्यात वयस्कर. आईबरोबर काम केलेली. बोटांची टोकं मिरचीने भाजून काळी पडलेली. मी विचारलं, “मावशी, इथं तं झडती बंद झाली होती न? पुन्हा कधीपासून सुरू झाली?”

“दिवाळीपासून. नागपूरवरून कागद आला म्हने, का बाया मिरची चोरून राहिल्या. आता शेठ म्हन्ते, किलोमागं मजुरीबी कमी करतो. चोरीचं भरून काढाले.”

“कोणाचा कागद?”

“आमाले का मालूम वं. तुमच्याच हापिसातला असन.”

तो कागद माझा होता.

दिवाळीच्या आधी मीच तो तक्ता केला होता. सकाळी बायांना दिलेली मिरची इतके किलो. खुडून वाळवून परत आलेली इतके किलो. निघालेले देठ इतके. उरलेला फरक काय? पुस्तकात दोन कप्पे आहेत. होणारच अशी घट, आणि होऊ नये अशी घट. दुसरीला असाधारण घट म्हणतात. कारणं पाठ असतात: चोरी, आग, निष्काळजीपणा. परीक्षेत ही तिन्ही लिहिली की पूर्ण गुण. मला पूर्ण गुण होते. आग लागली नव्हती. मी “चोरी / निष्काळजीपणा” लिहिलं आणि पुढच्या तक्त्याकडे वळले. चहासुद्धा थंड झाला नसेल एवढ्या वेळात.

ज्या झडतीत मी हात वर केले ती मीच सुरू करून दिली होती.

आणि मला माहीत होतं. हेच सगळ्यात वाईट. खुडायच्या आदल्या संध्याकाळी मिरचीवर पाणी मारतात. कोरडी मिरची खुडली तर फुटते, बी सांडतं, ठसका उठतो. म्हणून रास ओलवून गोणपाट टाकून ठेवतात. लहानपणी आईबरोबर मी तेच काम केलंय. झारीने पाणी मारलंय. सकाळी मिरची मऊ असते आणि जड असते. ती जड मिरची तोलून बायांच्या नावावर चढते. मग खुडून, दोन दिवस उन्हात पडून, परत तोलली जाते. मधलं पाणी कुठं जाणार? वर जाणार. नवी पोरगीही सातऱ्यावर पहिल्या दिवशी हे शिकते. मी पाच वर्षं पुस्तकं वाचून ते विसरले होते.

शेठ विसरला होता का? त्याच्या आजापासूनचा धंदा. तुम्हीच ठरवा.

त्या संध्याकाळी मी थांबले. पाणी मारणाऱ्या गड्याला सांगितलं, ऑडिटचं काम आहे. चाळीस किलो कोरडी मिरची तोलून घेतली. रोजच्यासारखं पाणी मारायला लावलं. गोणपाटावर माझ्या सहीची चिठ्ठी टाचली. सकाळी पहिल्या एसटीने जाऊन पुन्हा तोलली. त्रेचाळीस. तीन किलो पाणी बायांच्या नावावर चढणार होतं. काट्याचे फोटो काढले. देठ खुडून घेतले, दोन दिवस सगळं वाळू दिलं, पुन्हा तोललं. मिरची आणि देठ मिळून जवळपास तेवढेच चाळीस भरले. चोरी शून्य.

चाचणीचा कागद करून सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मला वाटलं, शाबासकी देतील. खरंच वाटलं. एवढी मी अजून कच्ची होते.

त्यांनी कागद उलटा केला आणि ड्रॉवर उघडला. माझा दाखला काढला. टाइप केलेला, तारखा भरलेल्या, शिक्का मारलेला. फक्त सहीची जागा रिकामी.

“मजुरीच्या रिपोर्टमधलं पान सात,” ते म्हणाले. “खाली ‘तयार करणार’ लिहिलंय, तिथं तुझी सही. मग इथं माझी. आत्ता.”

पान सातवर माझा दिवाळीचा तक्ता होता. भाच्याने तो ताजा केला होता. खाली नवी ओळ: मजुरांकडून होणारी चोरी लक्षात घेता खुडाईचा दर कमी करणे योग्य.

“हे भाच्यानं केलंय सर. त्याची घ्या.”

“त्याची नको.”

“काहून?” तोंडातून घरचा शब्द निघाला.

सर हसले. “उद्या बाया कामगार ऑफिसात गेल्या तर? खाली तुझं आडनाव असलं की विषय संपला. त्यांच्याच घरातली पोरगी लिहून गेली, आता कोण बोलेल?”

म्हणून मला ठेवलं होतं. एकोणीस महिने मी समजत होते, मी काम करते म्हणून ठेवलंय.

तरी मी उठले नाही. हे लपवणार नाही. मी भाव करू लागले. म्हणाले, चोरी शब्द काढा, ‘कारण तपासायचे आहे’ लिहा. नाही. म्हणाले, दराची ओळ काढा. नाही. म्हणाले, निदान माझी चाचणी पान आठ म्हणून जोडा. सर म्हणाले, “जोड ना. तुझ्या घरच्या फाइलला.” भाचा दारात उभा होता, तो हसला.

मग सर म्हणाले, “बरं, दाखला तर देतोच. वर एप्रिलपासून पर्मनंट. पगार दुप्पट. तुला सौदा कळतो.”

कळतो. बाजारात गिऱ्हाईक स्वतःहून भाव वाढवू लागलं की आई टोपलीवर हात ठेवायची. माल आपल्याला वाटतो त्यापेक्षा त्याला जास्त गरजेचा आहे, हे तेव्हा समजायचं. या टेबलावर माल एकच होता. माझं आडनाव. अकरा ऑफिसांनी ज्याच्यामुळे दार लावलं, तेच इथं दुप्पट भावाने मागत होते. बायांचं तोंड बंद करायला.

पेन माझ्या हातात होतं. पहिलं अक्षर लिहून झालं होतं.

मी ते खोडलं. त्याच जागी लिहिलं: पान सात मला मान्य नाही, चाचणी सोबत आहे. खाली सही केली, तारीख टाकली.

सरांनी पान घेतलं, चार तुकडे केले, टोपलीत टाकले. “प्रिंटर आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. दाखलाही फाडला. तो मात्र सावकाश फाडला. “आता नागपुरात कोण घेतं ते बघ.”

मी बरंच बोलले. इथं लिहिण्यासारखं नाही. सदरच्या त्या जिन्यावर खालच्या दुकानदारानेही ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहिले. सुमनमावशीला चाचणीच्या कागदाची माझी प्रत दाखवली. सांगितलं, पाणी माराच्या आधी वजन कराले लावा, सगळ्या मिळून तसं म्हना, ओली मिरची नावावर घेऊ नका.

तिने कागद परत दिला. “तुयाच कागदानं झालं न वं हे?”

“हो मावशी.”

“मंग आता कोन्त्या कागदावर इस्वास ठेवाचा आम्ही?”

ती ऑटोत बसून गेली. माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती.

त्याला दोन महिने झाले. तीन ठिकाणी जाऊन आले. मौद्याकडच्या एका कारखान्यात साहेबाने विचारलं, आधीच्या ऑफिसचा दाखला? नाही म्हणाले. का? मी सगळं सांगितलं, माझ्या पहिल्या तक्त्यापासून. त्याने फाइल मिटली. कळवू म्हणाला. मैत्रीण म्हणते, येडी आहेस का, सांगायचं तब्येत बरी नव्हती म्हणून सोडलं. नाही सांगणार. पंधरा महिने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे आहेत, मोजीन. चौथ्या दारातही तेच सांगणार, पाचव्यातही तेच.

आणि एक काम राहिलं होतं, ते काल पूर्ण केलं. कामगार कार्यालयासाठी पत्र लिहिलं. दिवाळीच्या आधीचा तक्ता मी केला होता, तो चुकीचा होता, चूक माझी आहे, बायांनी चोरी केलेली नाही. सोबत चाचणी, काट्याचे फोटो. ऑफिसचे कागद बाहेर नेले म्हणून सर माझ्यावर उलटतील, हे माहीत आहे. खाली पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट, ठळक. दोन प्रती आहेत. एक त्यांना, एकीवर पोच.

उद्या सकाळच्या एसटीने जाणार आहे. उद्या या म्हणतील, साहेब नाहीत म्हणतील, टपालाने पाठवा म्हणतील. माझ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत मी त्या खिडकीवरून हलणार नाही.