पिठी फासलेली परात

मोजणी खात्यात एकतीस वर्षं चेनमन म्हणून, मोजणीची साखळी आणि झेंडी धरत, राबलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? आरमोरीच्या लोकांचं मत, पारावर बसून गप्पा छाटाव्यात. गुलाबभाऊ मेश्रामांनी दुर्बीण घेतली. "सायबानं जन्मभर भिंगातून पाह्यलं, मी उन्हात झेंडी धरून उभा. आता मी पाह्यतो," एवढंच ते म्हणत. गल्लीने हसायचं तेवढं हसून घेतलं.

मग त्यांनी दुर्बिणीच्या नळीवर हिरवा लेझर बांधला. वैनगंगेपलीकडे, सव्वा किलोमीटरवर, त्यांची थोरली बहीण अंजनाबाई राहते. तिचे गुडघे गेले आणि पुलावरून येणं-जाणं बंद झालं. फोन रोज व्हायचा, पण त्या रविवारी तिला सत्तर वर्षं पुरी होत होती, आणि भाऊंना तिच्या अंगणात आपल्या हातचा उजेड पोचवायचा होता.

झेंडीवाल्याची शिस्त ती. ठिपका दुर्बिणीच्या मध्याशी त्यांनी आधीच एका भिंतीवर जुळवून घेतला. किरणाच्या वाटेत पूल किंवा रस्ता येत नाही, हे पाहिलं. नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांना सांगितलं, तेवढा वेळ डोंगे काठाला लावा. बहिणीला चुना दिलेली फळी भिंतीवर उंच टांगायला लावली. तिने बाजूला, नदीकडे पाठ करून उभं राहायचं आणि फळीकडेच पाहायचं. स्वतःसाठी नियम एकच: आधी दुर्बिणीतून खात्री, मग बटण.

रविवारी दिवस मावळला. भाऊंनी गच्चीवर बहिणीला फोन लावून तो जवळ ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. फळी नव्हतीच! तिच्या जागी अंगणातल्या दिव्याच्या उजेडात काहीतरी पिवळंधमक लखलखत होतं, आणि शेजारी नवं लुगडं नेसून अंजनाबाई.

"बाई, हे का टांगलं?"

"माह्या लग्नाची परात. दुपारभर चिंचेनं घासली. तू एवढ्या दुरून उजेड पाठवून राह्यला, त्याले का मी फळकुट दाखवू?"

आता यात तिचं तरी काय चुकलं? पाहुणा येणार म्हटलं की घरातलं चकचकीत तेच बाहेर निघतं. पण भाऊंनी हात झटकन मागे घेतला. बोट बटणावरच होतं. एवढ्या लांब गेलेला किरण पसरून मवाळ होतो खरा, पण डोळ्याशी जुगार खेळत नाहीत. त्यांनी लेझरची बॅटरी काढून खिशात टाकली आणि मगच ते बोलले.

"बाई, परात आरशावानी हाय. उजेड तिच्यावरून सरळ उसळते, कोनाच्याई डोळ्यात जाते. चुन्यावर तो पसरते."

भाऊंना वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. फळी लाव म्हणून सांगितलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. साहेबही असेच करायचे. झेंडी डावीकडे घे, उजवीकडे घे. कारण कधी नाही.

"थांब," अंजनाबाई म्हणाली. "परात तर मी बदलत नाई."

भिंगात दिसलं, ती परात उतरवून पाय ओढत आत गेली. तांदळाची पिठी पाण्यात कालवून तिने लग्नाच्या परातीवर तळहाताने फासली, चुलीशी धरून वाळवली आणि पुन्हा टांगली. लखलख पार विझली होती.

"आता?"

भाऊंनी पुन्हा सगळं तपासलं. बहिणीची पाठ नदीकडे, नदी रिकामी, परात पांढरीफटक. बॅटरी बसवली, डोळा बाजूला घेतला आणि बटण दाबलं.

"आला! गुलाब, आला रे! पुरी परात हिरवी झाली!" अंजनाबाई पोरीसारखी ओरडली. मग जरा थांबून तिने विचारलं, "मी बराबर टांगली ना?"

हाच प्रश्न एकतीस वर्षं झेंडी धरून भाऊंनी रानारानांतून ओरडून विचारला होता. उत्तरादाखल लांबवर साहेबाचा हात तेवढा वर व्हायचा, शब्द कधीच आला नाही.

"बराबर टांगली, बाई," ते म्हणाले. "एकदम बराबर."