आक्कासाठी उमटलेली अक्षरं

चैत्रातल्या कलत्या उन्हाचा तांबूस उजेड विहाराच्या भिंतीवर रेंगाळत होता, मोगऱ्याचा आणि खिरीतल्या वेलदोड्याचा दरवळ एकमेकांत मिसळत होता, आणि नांदेडच्या आमच्या गल्लीत उभारलेल्या मोठ्या पडद्यावर पांढरी अक्षरं झरझर उमटत होती. जयंतीला पडदा दर वर्षी लागतो. अक्षरं मात्र यंदाच आली, आणि ती कुणासाठी आली हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही!

माझी थोरली बहीण, आक्का, लहानपणी तापात बहिरी झाली. वाचते मात्र धडाधड. घरात पेपर आधी तिला, मग इतरांना. आमच्याकडे एक रीतच पडून गेली आहे. कुठल्याही सभेत मी तिच्या शेजारी बसायचं आणि भाषणाचा मथितार्थ बोटानं तिच्या तळहातावर लिहायचा. या कामाचा मला केवढा अभिमान! पण तळहात केवढासा, आणि माणसाचं बोलणं केवढं? कडू ते मी गाळत असे, गोड तेवढंच उतरवत असे. मायेपोटी माणूस किती सहज लबाडी करतो, नाही का?

यंदा तिची लेक प्रज्ञा पडद्यावर बोलणार होती. लातूरला ती शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टी मिळेना, म्हणून भाषण मोबाइलवर चित्रित करून धाडलेलं. लेकीचा शब्द न् शब्द आक्काला मिळावा, म्हणून मीच पडदेवाल्याला बोलणं ऐकून आपोआप उमटणारी अक्षरं लावायला सांगितली. त्या अक्षरांना विरामचिन्हांचं भान नव्हतं, आणि आमच्या बोलीपुढं तर ती पार अडखळत होती.

"ताई, लई चुकून राहिलंय, बंद करू का?" पडदेवाल्यानं विचारलं.

"असू द्या हो, माणसं तरी कुठं बिनचूक बोलतात!"

आणि तेवढ्यात पडद्यावर ओळ आली, 'शाळेत असताना मला आईची लाज वाटायची पालकसभेला मी तिला येऊ दिलं नाही सभाच नाही असं खोटं सांगितलं'.

ही गोष्ट मला ठाऊक होती. इतकी वर्षं मीच ती आक्कापासून दडवली होती. बंद करा, म्हणून मी हात उंचावला, तर आक्कानं माझं मनगट घट्ट धरलं. ओठ हलवत ती वाचत राहिली. याच आईनं रोज आकृत्या काढून मला धडे समजावले, लेक सांगत होती, आणि आज सगळ्यांसमोर मी तिची माफी मागते. अवघी गल्ली वाचत होती, धड कानांची माणसंसुद्धा!

आक्का उठून उभी राहिली. आपला आवाज किती चढतो ते कळत नाही, म्हणून चारचौघांत ती बोलायचं टाळते. आज तो मांडवभर घुमला, "मला म्हाईत व्हतं! पर आज खरं बोलली. माझी लेक हाय ती!"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तू गं? तू कवा सांगणार व्हतीस?"

मी मान खाली घातली. आणि तरी सांगते, तिची धाकटी बहीण असल्याचा एवढा ताठा मला जन्मात कधी आला नव्हता.