सोवळ्यातला श्वास

माझं मन कधी एका जागी बसलेलं मला आठवत नाही. जपाला बसले की चार मणी ओढून होत नाहीत तोच स्टोव्हवर दूध ठेवलंय का, याची काळजी सुरू. देवासला आम्ही टेकडीवर दर्शनाला जायचो, तिथेही देवीसमोर उभी राहून माझं लक्ष खाली काढलेल्या चपलांत. असल्या चंचल बाईकडे देवी कशाला बघेल, असं मला खरोखर वाटायचं आणि त्याची रुखरुख दिवसभर पाठ सोडायची नाही.

यांची नोकरी देवासच्या कारखान्यात, पण सासर धारचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या लहानशा देवीच्या देवळात पूजा करायचे. सोवळं असं कडक, की नवरात्रात ते विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने निघाले की सायकलवालेसुद्धा उतरून भिंतीला चिकटून उभे राहत. चुकून कुणाचा पदर लागला तर मामंजी तिथूनच परत फिरत आणि पुन्हा आंघोळ करत. गल्लीला त्यांचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर कौतुकही होतं. मी तर लग्न झाल्यापासून त्यांना लांबूनच वाकून नमस्कार करत आले होते.

ऐंशीनंतरचंच एक वर्ष असेल. पावसाळ्यात कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने कॉलनीच्या बायकांना प्रथमोपचार शिकवायला बोलावलं. श्वास बंद पडलेल्या माणसाच्या तोंडाला तोंड लावून फुंकायचं, छातीवर दाब द्यायचा, हे ती रबरी बाहुल्यावर करून दाखवू लागली तशा आम्ही पदर तोंडात कोंबून हसत सुटलो. "हँस लो, मगर सीख लो," ती म्हणाली. माझं लक्ष नेहमीसारखं खिडकीबाहेर, म्हणून शिक्षा दिल्यासारखं तिने मलाच पुन्हा पुन्हा पुढे बोलावलं. मी मनातून चिडले होते.

त्याच वर्षी अष्टमीला मी धारला होते. हे दुपारच्या गाडीने यायचे होते. सकाळी नैवेद्याचं ताट घेऊन मी देवळात पोचले, तेवढ्यात मामंजी ओलेत्याने आले आणि त्यांनी गाभाऱ्याचं लोखंडी जाळीचं दार धरलं. त्या जाळीवरून रोषणाईच्या दिव्यांची वायर नेली होती, ती कुठेतरी सोललेली असणार. मामंजी तसेच ताठ झाले. "भिया, मेन बंद कर," असं कुणीतरी ओरडलं, दिवे गेले आणि मामंजी फरशीवर कोसळले. चेहरा काळानिळा, छाती हलत नव्हती.

वीज बंद झाली होती, तरी कुणी पुढे होईना. शेजारचे नानासाहेब, मामंजींचे लहानपणापासूनचे मित्र, रडवेल्या आवाजात सगळ्यांना मागे सारत होते. "सोवळ्यात आहेत, शिवू नका. घरातलं सोवळ्यातलं कुणी बोलवा." मागून एकजण पुटपुटला, "पुलिस का लफड़ा हो जाएगा." ही माणसं वाईट नव्हती हो, मामंजींना हात लावायचा नाही हे मामंजींनीच त्यांच्या अंगवळणी पाडलं होतं. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. मला तर सगळं शिकवलेलं होतं. पण सुनेने, आणि तेही सोवळ्यातल्या सासऱ्याच्या तोंडाला आपलं उष्टं तोंड लावायचं? पाय उचलेना.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. मनावर गावाकडून नवस फेडायला आलेली कुणीतरी, हातात नारळ. नारळ तिने बाजूला ठेवला, मामंजींजवळ बसली आणि सरळ त्यांच्या गालावर हात ठेवला. "अरे, हाथ तो लगाओ कोई. आदमी जा रिया है." मग तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते, म्हणून असेल. "बाई, तुझे कुछ आता है? बता, मैं करती हूँ."

त्या एका वाक्याने माझे पाय मोकळे झाले. मी ताट ठेवलं आणि बसले. मामंजींची मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि श्वास फुंकला. छाती वर आली. गळ्याशी नाडी लागेना, म्हणून दाब कुठे द्यायचा ते मी तिला दाखवलं, आणि ती मी सांगेन तसं दाबू लागली. मोजायचे आकडे मला सुचेनात, मी दर दाबाला "अंबे, अंबे" म्हणत गेले. त्या वेळी माझं मन कुठेही गेलं नाही. मान वर केली तर दारात सासूबाई उभ्या. आता संपलं, असं वाटून मी क्षणभर अडखळले. त्या एवढंच म्हणाल्या, "थांबू नकोस."

मग मामंजींना एक मोठा आचका आला, खोकला आला आणि श्वास आपला आपण सुरू झाला. त्यानंतर मात्र कुणी कुणाला विचारत बसलं नाही. दहा हात एकदम पुढे आले, त्यांना उचलून टेंपोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. त्या धांदलीत ती बाई निघून गेली. मनावरकडची, एवढंच कुणीतरी म्हणालं; ती कोण, कुणाची, हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही. मी तर्क करत नाही, ती आली हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

मामंजी घरी आले तरी मला चैन नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं. एके दिवशी नानासाहेबांनी हळूच पंचगव्याचा, शुद्धीचा विषय काढला. मी दाराआड भांडं घासत होते ती तशीच थांबले. मामंजी म्हणाले, "नाना, बाकीचं सगळं शुद्ध करू. पण आत चाललाय तो श्वास सूनबाईने फुंकलेला आहे. तो काढून ठेवू का?" मी तिथेच बसून रडले.

मग त्यांनीच गल्लीला हे शिकवायला मला सिस्टरला धारला बोलवायला लावलं. ती आली, पण बाहुला कारखान्याचा, तो काही मिळाला नाही. तेव्हा मामंजी आंघोळ करून, सोवळं नेसून देवळात सतरंजीवर आडवे झाले. जित्या माणसावर जोर द्यायचा नाही, नुसती मान आणि हाताची जागा शिकायची, असं सिस्टरने बजावलं. तरी कुणी जागचं हलेना. "नाना, आधी तू ये," मामंजी म्हणाले. नानासाहेबांचा हात वरच्या वर थांबला. मामंजींनी तो धरून आपल्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

दुपारपर्यंत गल्ली एकेक करून येत होती, आणि ते सगळ्यांच्या हाती स्वतःला सोपवून शांत पडून होते. शरण जाणं मला जपात कधी जमलं नव्हतं, ते त्या दिवशी समोर दिसलं. मी गाभाऱ्याकडे वळले, हात जोडले. आई, त्या मनावरच्या बाईला सुखात ठेव, आणि कधी ती रस्त्यात पडली तर गर्दीतून कुणीतरी पुढे येऊ दे.