मामीची सुपं

हिवाळा सरला तरी महिना-दीड महिना मामी पाय फाकवून चालायची. कोपरगावच्या बाजारात लोकांना वाटायचं, बाईचे गुडघे गेले. गुडघे ठणठणीत होते. दर हिवाळ्यात ती हिमाचलात जाऊन बर्फात चालून यायची आणि तिथली चाल पायांतून लवकर निघायची नाही. "अजून पायांत सुपं हायेत असंच वाटतं गं," म्हणायची. सुपं म्हणजे स्नोशू. बुटांखाली बांधायचे रुंद, पसरट तळवे. त्यांच्यामुळे अंगाचा भार पसरतो आणि भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत रुतत नाही. नाव सांगून सांगून मी थकले, पण तिने सुपंच म्हटलं. पुढे तिथली माणसंही सुपं म्हणायला लागली.

मामी उसाच्या पट्ट्यातली. पन्नाशी उलटेपर्यंत तिने बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. बर्फाचं वेड तिच्या मुलाला, निलूला. अकोले तालुक्यात नोकरी लागली आणि तो राजूरकडच्या डोंगरांत भटकायला लागला. मग गिर्यारोहणाचा कोर्स केला, नोकरी सोडली आणि हिमाचलातच राहिला. दोरजे नावाच्या तिथल्या पोराबरोबर तो हिवाळ्यात लोकांना बर्फातल्या जंगलातून फिरवायचा. फोनवर दर वेळी म्हणायचा, "आई, एकदा ये. तुला बर्फात चालवतो." मामीचं उत्तर ठरलेलं, "ऊस तुटू दे, मंग बघू."

एका जानेवारीत उतारावरचा बर्फाचा थर सुटला आणि निलू त्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी सापडला. रस्ते बंद होते. मामा कसेबसे पोहोचले आणि तिथेच सगळं उरकून आले. मामीला मुलाचं तोंडही दिसलं नाही.

ती फार रडली नाही. तिने सगळा राग दोरजेवर काढला. त्याचे फोन यायचे, ती उचलायची नाही. "दोघं संगं गेल्ते ना? मंग माझ्या पोराला तिथं ठिवून ह्यो एकला खाली कसा आला?" हे ती आल्यागेल्याला विचारायची.

पुढच्या थंडीत ती नगरला माझ्या दारात उभी राहिली. हातात पिशवी.

"मला तिकडं घिऊन चल."

"मामी, तिथं आता काय आहे?"

"त्यो पोरगा हाय ना. त्याला तोंडावर इचारायचंय."

मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही निघालो.

निलू गेला ती जागा बर्फातून चालतच गाठायची होती. मामीने जन्मात पहिल्यांदा पँट घातली, ती माझी. रोज सकाळी दोरजे तिच्या पायांशी गुडघे टेकून सुपांचे पट्टे आवळायचा आणि मामी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहायची. "आंटी, टाइट तो नहीं?" तो विचारायचा. पहिल्याच दिवशी तिचं एक सूप दुसऱ्यावर पडलं आणि ती उताणी झाली. दोरजे धावला. तिने त्याचा हात झिडकारला आणि मला हाक मारली. मला वाटलं होतं, पोहोचल्या पोहोचल्या ती त्याला फैलावर घेईल. पण ती नुसती चालायला शिकत होती.

चालता यायला लागल्यावर दोरजे आम्हाला त्या जागेकडे घेऊन गेला. देवदारांतून वर चढणारा उतार, स्वच्छ पांढरा. काही घडलं असेल असं वाटू नये इतका शांत. दोरजे थांबला. "इससे आगे नहीं, आंटी."

मामीने ऐकलं नाही. ती चार पावलं पुढे गेली आणि एका झाडाच्या बुंध्याजवळच्या पोकळ बर्फात कमरेपर्यंत खाली गेली. मी किंचाळले. दोरजे पोटावर पालथा पडून सरकत तिच्यापर्यंत गेला. तिच्या अडकलेल्या सुपाचा पट्टा काही सुटेना, तेव्हा त्याने दातांनी हातमोजे ओढून काढले आणि उघड्या हातांनी बर्फ उकरायला लागला. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना शेंडे नव्हते.

मामी त्या हाताकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"ये बोटं क्या हुईं?"

"पिछले साल, आंटी." तो खाली बघत होता. "निलू भैया ने कहा, तू लोगों के साथ रुक, मैं आगे देखकर आता हूँ. फिर पूरी ढलान चली गई. मैं खोदता रहा. ग्लव्ज़ कहाँ गिरे, पता नहीं चला. लोग मुझे खींचकर नीचे ले गए."

मामीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तोंडाजवळ नेऊन फुंकर घालत राहिली, भाजलेल्या लेकराला घालतात तशी. "माझं चुकलं रे बाबा," एवढंच म्हणाली. मग ती रडली. वर्षभराचं रडली. दोरजेला मराठी येत नव्हती, पण तोही रडत होता.

त्यानंतर ती दर थंडीत गेली. दोरजेसाठी बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यायची. तिचं ऐकून ऐकून त्याला मराठी कळायला लागली. नवखी माणसं घाईघाईने पाय टाकून पडायची, तेव्हा मामी आपल्या हिंदीत समजवायची, "बर्फाला घाई नहीं चलती. पाय ठेवनेका, उसको बसने देनेका, मंग दुसरा." उताराखाली पोहोचली की थोडी बाजूला उभी राहायची. काय बोलायची ते मी कधी ऐकायला गेले नाही.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं, तरी ती गेली. चालवलं मात्र नाही. दोरजेच्या अंगणात उन्हाला बसून राहिली आणि निघताना त्याला म्हणाली, "यंदा त्याला माझा निरोप तूच दे रे." वैशाखात ती गेली.

दोरजे पोहोचला तेव्हा सावडणंही झालं होतं. दोन दिवस बसने आलेला, कोपरगावच्या उन्हाने लालबुंद. ओसरीवर टेकला आणि कुणाकडे बघावं ते त्याला कळेना. मामा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. निलू गेल्यापासून मामांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं तर उठून शेतात जायचे.

दोरजेचं पाणी पिऊन होईपर्यंत ते समोर उभे राहिले. मग त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"आमचं पोरगं तिकडं कसं ऱ्हायचं रे?" मामा म्हणाले. "तिनं लई डाव सांगायला बघितलं, मी ऐकलंच न्हाई. आता तू सांग."

दोरजेने हात पुसले आणि सांगायला लागला.